मुद्दामची बादली

मी हे का लिहितो यावर आमच्या पाड्यात दोन मतं आहेत. एक, म्हाताऱ्याचे डोळे नवे झाले म्हणून त्याला लिहायची हौस सुटली. दुसरं, मास्तर येशूवाले होते, तेव्हा याला त्यांच्याकडून काहीतरी मिळालं असणार. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. पण मास्तर असते तर त्यांनी दोन्ही पार्ट्यांना विहिरीकडे बोट दाखवून एवढंच सांगितलं असतं, "बादली."

ही बादली काय ते आधी सांगतो.

मास्तर घाटावरचे, नगरकडचे. कुठल्याशा शाळेत आयुष्यभर शिकवून रिटायर झाले आणि झरी गावाच्या बाजूला एक छोटी कौलारू प्रार्थनेची जागा आहे, तिथे राहायला आले. दोन हजार चौदाचा पावसाळा तेव्हा संपत आला होता. लोक त्यांना फादर म्हणायला लागले तर ते बोलले, "मी कुणाचा फादर नाही. लग्नच केलं नाही. मास्तर म्हणा." उंच, वाळलेले, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेलं, मे महिन्यातसुद्धा. रविवारी प्रार्थना, दहा-बारा माणसं. बाकीचे दिवस म्हाताऱ्यांना सही करायला शिकवायचे.

मी त्या म्हाताऱ्यांतला नाही. मी दुसरी पास आहे, सही मला येत होती. मास्तरांनी फक्त माझी जोडाक्षरं सुधारली. मी तिथे गेलो तो माझ्या धंद्यामुळे. चाळीस वर्षं मी बोर्डीपासून झरीपर्यंतच्या वाड्यांत चिकूची कलमं बांधली. चिकू बी लावून करत नाहीत. रायणीचं, म्हणजे रानातल्या खिरणीचं रोप घ्यायचं, चिकूच्या चांगल्या फांदीशेजारी नेऊन ठेवायचं, दोघांची साल तासायची आणि जखमेला जखम लावून बांधून टाकायचं. त्याला भेटकलम म्हणतात. खाली रायणीचं मूळ, वर चिकू. माझं बांधलेलं कलम मेलं असं कुठल्या शेठने सांगितलेलं मला आठवत नाही. सांगितलं असेल तर तो खोटं बोलला असेल.

बघा, ही माझी एक बादली झाली.

मास्तरांना आंगणात एक चिकू हवा होता. मी कलम नेऊन दिलं, खड्डा केला, लावलं आणि सांगितलं, "जोडाच्या खाली फूट आली तर खुडत जा, मास्तर."

"खुडतो," ते बोलले. मग त्यांनी विहिरीवरची पत्र्याची बादली आणून झाडाजवळ ठेवली आणि बसलेल्या लोकांना नियम सांगितला. या आंगणात दुसऱ्याबद्दल 'मुद्दाम' हा शब्द जो वापरेल, त्याने विहिरीतून एक बादली काढून या झाडाला घालायची. 'मुद्दाम' नाही म्हटलं, पण कुणी कशासाठी काय केलं हे सांगायला लागला, तरी तेच. शेजाऱ्याने गाय सोडली, हे सांगा. माझं भात खावं म्हणून सोडली, हे सांगितलं की बादली.

लोक हसले. मीही हसलो. मग एक म्हातारी बोलली, "मास्तर, तुम्हाला पाणी काढायचा कंटाळा, म्हणून ही युक्ती."

"बादली," मास्तर बोलले. ती पहिली.

त्यांचं डोकं कसं चालायचं ते एका चपलेवरून सांगतो. एका रविवारी प्रार्थना संपली आणि दारातली त्यांची एक चप्पल नाही. मास्तर ओरडले, "चोरी झाली आहे! चोरी हे पाप आहे. ज्याने नेली त्याने आणून द्यावी!" मला बरं वाटलं. मला वाटायचं हा माणूस पापाला पाप म्हणतच नाही. तेवढ्यात एक बाई दयेने बोलली, "असूंदे मास्तर, कुणी बिचारा अडचणीत असेल."

मास्तर तिच्यावरच उखडले. "तुला काय माहीत तो बिचारा आहे? चांगला हेतू चिकटवला तरी तो चिकटवलेलाच! बादली!"

आठवडाभर एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, असे ते तलासरीच्या बाजारातसुद्धा जाऊन आले. दुसरीही काढा म्हटलं तर बोलले, "ही कुठे चोरीला गेली आहे?" शेवटी चप्पल सापडली. गवताच्या गंजीमागे कुत्री व्यायली होती, तिच्या पिल्लांच्या खाली. मास्तरांनी चप्पल हातात घेतली. मग विहिरीवर गेले, स्वतः बादली काढली आणि झाडाला घातली. "चोरी म्हणालो मी," ते बोलले. "मला फक्त चप्पल नाही एवढंच माहीत होतं."

मी माझा देव सोडला नाही. आमच्याकडे भगत येतो, कोंबडा देतात, सगळं चालतं. मास्तरांनी सोड असं एकदाही म्हटलं नाही. एकदा मीच विचारलं, "तुमचा येशू पापाबद्दल काय सांगतो?" ते बोलले, "पाप उघड दिसलं तर ज्याचं आहे त्याच्या तोंडावर सांगा. पाठीमागे नको. पण त्याच्या पोटात शिरू नका, कलमवाले. पोटातलं बघायचं काम देवाने कुणाला वाटून दिलेलं नाही. स्वतःकडे ठेवलंय."

ते मला नेहमी कलमवालेच म्हणायचे.

मास्तरांच्या इथल्या शेवटच्या हिवाळ्यात आपल्याकडे जमीन हलायला लागली, ते सगळ्यांना आठवत असेल. भांडी वाजायची, भिंतींना भेगा, लोक थंडीत बाहेर झोपत होते. आमच्या पाड्यात कुणी बोललं, या येशूवाल्यांमुळे देव रागावला. मास्तरांच्या प्रार्थनेत कुणी बोललं, लोक दारू पितात म्हणून देव हलवतो. मास्तरांनी स्वतःच्याच माणसाला विहिरीवर पाठवलं. "दोन बादल्या! माणसाच्या पोटातलं सांगितलं तर एक, देवाच्या पोटातलं सांगितलं तर दोन!" तो बिचारा विहिरीवर वाकला आणि तेवढ्यात पुन्हा धक्का बसला. रहाट आपोआप करकरला. मास्तर बोलले, "याचाही काही अर्थ लावू नका. ओढा."

आता माझं सांगतो. हे सांगायचंच म्हणून इतका वेळ इकडेतिकडे फिरलो.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. वाड्यांमधून चिकूचे खोके उचलतो. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये चाळीस पावलं आणि एक काट्याचं कुंपण. मास्तर आले त्याच्या आदल्या वर्षी माझ्या घरवालीच्या छातीत कळ आली. सकाळची वेळ होती. मी तिला हाताला धरून तलासरीच्या रस्त्यापर्यंत आणली, तिथल्या लहान पुलाच्या मोरीजवळ बसवली आणि गाडीची वाट बघत उभा राहिलो. तेवढ्यात भावाचा टेम्पो आला. मी हात वर केला. टेम्पो हळू झाला. भावाने माझ्याकडे बघितलं. आणि टेम्पो गेला.

मग एक रिक्षा मिळाली. घरवाली तिसऱ्या दिवशी गेली.

आदल्याच आठवड्यात आमचं त्या कुंपणावरून वाजलं होतं. म्हणजे दुसरं कारण शोधायला नको. मातीला भाऊ आला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला बोललो, "तू परत जा." तो परत गेला. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर चाळीस पावलांवर राहून आम्ही एकमेकांना बघत नव्हतो. त्याच्या घरून लग्नाचं बोलावणं आलं, मी गेलो नाही. त्याची सून आंगणात आली तर मी दार लोटून घेत होतो.

हे मी मास्तरांना सांगितलं. बायको गेल्याचं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. शेवटी बोललो, "भावाने मुद्दाम टेम्पो थांबवला नाही."

मास्तरांचे डोळे भरले होते, मी बघितले. तरी त्यांनी हात विहिरीकडे केला.

मी उठून घरी आलो. माझी बायको मेली आणि हा माणूस मला पाणी काढायला सांगतो! पंधरा दिवस गेलो नाही. मग मला वाटलं, याला घाबरून मी का गप्प बसू? सोळाव्या दिवशी गेलो, आंगणात उभा राहून मोठ्याने बोललो, "भावाने मुद्दाम टेम्पो थांबवला नाही!" आणि स्वतःच विहिरीवर जाऊन बादली काढली, झाडावर उपडी केली. "उद्यापण बोलणार," मी सांगितलं.

"या की," मास्तर बोलले.

मी गेलो. जवळजवळ रोज गेलो. विहीर खाली गेली, मे महिन्यात दोर पुरेना, तरी गेलो. पावसात धो धो पाऊस पडत असताना लोकांनी मला त्या झाडाला पाणी घालताना बघितलंय. आमच्या पाड्यात म्हणायचे, मास्तरांचा चिकू म्हाताऱ्याच्या रागावर वाढतो. वाढलाही झपाट्याने. मास्तर मला एकदाही बोलले नाहीत की भावाला माफ कर. एवढंच म्हणायचे, "टेम्पो थांबला नाही. इथपर्यंत तुमचं आहे, कलमवाले. ते दुःख तुमचं, ते कोणी घेणार नाही. त्याच्यापुढचं तुमचं नाही. ते उगाच उचलून फिरता."

"तो माझ्याकडे बघून हळू झाला. मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी टेम्पो बघितला."

"तुम्हाला भाऊ नाही म्हणून असं बोलता."

"बादली," मास्तर बोलले.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एके दिवशी बोर्डीचे एक वाडीवाले शेठ काही कामाने मास्तरांकडे आले होते. मीही तिथे होतो, आठ-दहा लोक होते. मास्तरांनी कौतुकाने झाड दाखवलं. शेठने एक पान तोडलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि हसायला लागले. "मास्तर, आ तो रायण छे! चीकू क्यां छे?"

खरं होतं, चिकू नव्हताच, रायण होती. वरचा चिकू कधीच वाळून गेला होता आणि जोडाखालची रायणीची फूट वर आली होती. मास्तरांनी ती खुडली नव्हती. रायणीचं पान टोकाला बोथट असतं, खाच पडलेलं. लहान पोरालासुद्धा कळतं. शेठ माझ्याकडे वळून बोलले, "आणि हा कलमवाला रोज पाणी घालतो ना? याला कळलं नाही? चाळीस वर्षं पानंच बघतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरही. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तुम्हाला माहीत होतं," ते बोलले. "रोज बघत होता. मी खुळ्यासारखा सगळ्यांना चिकू म्हणून दाखवतो, आणि तुम्ही मुद्दाम गप्प बसलात. माझी मजा बघायला."

मी काय बोलणार? मला दिसत नव्हतं. वर्ष-दीड वर्ष झालं होतं, डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखं झालं होतं. विहीर दिसायची, बादली दिसायची, हिरवं काहीतरी दिसायचं. पान दिसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्षही मी कधी पान बघितलं नाही. मी तिथे झाड बघायला जातच नव्हतो. पण चाळीस वर्षांच्या कलमवाल्याने आठ-दहा लोकांसमोर सांगायचं, की मला पान दिसत नाही? मेलो असतो तरी सांगितलं नसतं. मी टोपी घातली आणि निघालो. मागून शेठ बोलले, "बघा, गुन्हेगार कसा पळतो."

वाटेवर मला दोनदा ठेच लागली. आधी राग आला. मास्तरसुद्धा असा बोलला! रोज बघत होता म्हणतो! रोज समोर उभा होतो, हात लांब केला तर पान हातात आलं असतं, पण बघितलं कुठे, दिसलं कुठे. ओढ्याजवळ आलो आणि पाय थांबले. हेच शब्द मी कुणाबद्दल तरी रोज बोलत होतो. समोर होता, बघितलं, आणि गेला.

मी ओढ्यावर बसलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंगणात बसलो होतो, तर पोरांचा गलका ऐकू आला. मास्तर येत होते. झरीहून आमचा पाडा चांगला तासाभराचा, चढाचा रस्ता. त्यांच्या हातात ती पत्र्याची बादली होती, पाण्याने भरलेली. म्हणजे निघताना भरलेली. येईपर्यंत निम्मी उरली होती आणि त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता, हे पोरांच्या ओरडण्यावरून कळलं. सगळा पाडा बाहेर आला. कुंपणापलीकडे माझा भाऊ टेम्पो धूत होता, तोही उभा राहिला, एवढं मला पुसट दिसलं.

मास्तरांनी माझ्या आंगणातल्या फणसाला ते पाणी घातलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काल मी कलमवाल्यांना मुद्दाम म्हणालो. ते गप्प बसले, एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या पोटात शिरायचं मला काम नव्हतं. हे माझं पाप आहे. माझ्या नियमाचं नाही, देवाच्या नियमाचं." आणि रिकामी बादली घेऊन ते परत निघाले.

त्यांनी विचारलं नाही, का गप्प बसलात. ते विचारतील म्हणून मी रात्रीपासून उत्तरं जमवून ठेवली होती, चांगली कडक. एकही कामाला आलं नाही. ते आंगणाच्या टोकाला गेले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, मला दिसत नाही."

ते वळले.

"पान दिसत नाही मला. तुमचं तोंडपण आता दिसत नाही."

 कुंपणापलीकडे पाण्याचा पाइप जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग कुंपणाचं फाटक, जे चार-पाच वर्षं उघडलं नव्हतं, ते कोणीतरी ओढत होतं. वेल चढली होती त्याच्यावर. मग भावाचा आवाज, अगदी जवळून, "दादा, उद्या सकाळी निघू. डोळ्याच्या डॉक्टरकडे."

 

सकाळी टेम्पो दारात उभा होता. मी पुढे बसलो, त्याच्या बाजूला. त्या टेम्पोत मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होतो.  तलासरीच्या रस्त्याला लागलो, मोरी आली, आणि भावाने गाडी एकदम हळू केली. रस्त्याला तिथे उंचवटा आहे. खोके आपटू नयेत म्हणून तिथे गाडी हळू करायलाच लागते. मी त्या मोरीवरून हजार वेळा चालत गेलोय. चालणाऱ्याला तो उंचवटा कळत नाही. बुडाखाली टेम्पो असला की कळतो.

तो हळू झाला होता, हाच माझा पुरावा होता. पाच वर्षं सांभाळलेला.

भावाचे हात स्टिअरिंगवर होते. तो बोलायला लागला, "दादा, त्या दिवशी मी..."

मी हात वर केला. तसाच, जसा त्या दिवशी केला होता. "टेम्पो थांबला नाही," मी बोललो. "तेवढं मला माहीत आहे. पुढचं तुला वाटेल तेव्हा सांग. नाही वाटलं तर नको."

त्याने बघितलं होतं का नव्हतं, राग होता का घाई होती, मला आजही माहीत नाही. त्याने अजून सांगितलेलं नाही. पण त्याने मोरीच्या पुढे गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केलं. आम्ही बसून राहिलो. तिथे कोणी गाडीत चढायचं नव्हतं, कोणी उतरायचं नव्हतं. तो नुसता थांबला, जिथे थांबायला हवा होता तिथे. मग डोळे पुसून त्याने गाडी चालू केली.

एक एक करून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मी आधी मास्तरांकडे गेलो आणि ते झाड बघितलं. काय रायण झाली होती! कलम बांधायला खुंट असा, की मी चाळीस वर्षांत हातात घेतला नसेल. मास्तरांना खूप बोललो. जोडाखालची फूट खुडायला सांगितली होती, का नाही खुडलीत?

"मला ठरवता येईना," मास्तर बोलले. "चांगली टवटवीत होती. वाईट कशी म्हणू?"

"मास्तर, पोटात शिरू नका म्हणजे जोडपण बघू नका असं नाही. वर काय आणि खाली काय, ते डोळ्यांना दिसतं."

 "हे बरोबर आहे," ते बोलले. त्यांनी माझं बरोबर आहे म्हटलेलं ते एकदाच.

त्यानंतर मी कुंडीतलं चिकूचं रोप त्या रायणीच्या फांदीला बांधलं. उलटं भेटकलम, असं कोणी करत नाही. भावाने फांदी धरली, मी पट्टी आवळली. ते लागलं.

मग जमीन हलली, तो हिवाळा गेला, आणि उन्हाळ्याच्या आधी मास्तर गेले. म्हणजे नगरला, बहिणीकडे. मी त्या दिवशी बोर्डीला एका वाडीत होतो. परत आलो तर दाराला कुलूप. सकाळच्या एसटीने गेले, लोक बोलले. परत येणार नाहीत. माझ्यासाठी निरोप? काही नाही. बादली तेवढी झाडाजवळ ठेवलेली, पालथी.

पाच वर्षं. चढावरून पाणी घेऊन आलेला माणूस. आणि मला न सांगता गेला. मला सगळं स्पष्ट दिसत होतं आता, कुलूपसुद्धा, त्याच्यावरचा गंजसुद्धा. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "मुद्दा..."

आंगणात कोणी नव्हतं. ऐकायला कोणी नव्हतं.

अर्ध्या शब्दाला किती पाणी, हे मास्तरांनी कधी सांगून ठेवलं नव्हतं. मी विहिरीवर गेलो, पूर्ण बादली काढली, आणि या वेळी उपडी केली नाही. पानं बघत बघत, बुंध्याशी, हळू सोडली.